दोन गुंठे शेवंती: शेंडे, जाळी आणि रात्रीचे दिवे

१९ जून २०२४

आज लागवड उरकली. शेडनेट २० बाय १० मीटर, म्हणजे जवळपास दोन गुंठे. आत सहा गादीवाफे, प्रत्येक १८ मीटर लांब आणि ९० सेंटिमीटर रुंद. आमची जमीन काळी कसदार. पऱ्हाटीला चांगली, पण शेवंतीच्या मुळांना पाणी तुंबलेलं चालत नाही. म्हणून वाफ्यात लाल माती, बारीक मुरूम आणि कुजलेलं शेणखत घालून तो पुरा फूटभर उंच केला. मागच्या वर्षी जमिनीलगत लावलेली निम्मी रोपं भादव्याच्या पावसात मुळाशी काळी पडून गेली होती.

रोपं माहेरच्या अंगणातल्या पिवळ्या शेवंतीची. मेच्या शेवटी शेंड्याच्या काड्या काढल्या, बोटभर लांबीच्या. खालची पानं काढून बुडखा मुळ्या फुटायच्या पावडरीत बुडवला आणि कोकोपीटच्या ट्रेमध्ये टोचला. ऊन इतकं कडक होतं की ट्रे न्हाणीघराच्या मागे सावलीत ठेवून दिवसातून पाच-सहा वेळा पाणी शिंपडावं लागलं. तीन आठवड्यांत मुळ्या आल्या. मेल्या त्या बहुतेक दुपारी पाणी चुकलं त्या दिवसाच्या.

लावण्याआधीच वाफ्यावर आधाराची जाळी पसरली. जाळीचा चौकोन १५ सेंटिमीटरचा. एक चौकोन सोडून एक रोप, म्हणजे ३० बाय ३० अंतर आपोआप पडतं, दोरी धरत बसावं लागत नाही. वाफ्यात तीन ओळी, ओळीत ६० रोपं, एका वाफ्यात १८०. प्रत्येक रोपाच्या वाट्याला जाळीचे चार चौकोन येतात. हे चार चौकोन फांद्यांनी भरायचे, एवढंच या हंगामाचं काम. जाळी आता मातीवर पडली आहे. झाड वाढेल तशी दोन्ही टोकांच्या अँगलवरून वर सरकवायची.

२१ जून

दिवे लावले. वायरिंग गावातल्याच एका पोराने करून दिलं. वाफ्यांवर तीन माळा, प्रत्येकीत नऊ बल्ब, ९ वॅटचे एलईडी. सगळे मिळून अडीचशे वॅटच्या आत. रात्री १० ते २ चार तास चालतात, टायमरवर. रात्रीला जेमतेम एक युनिट.

घरात सगळ्यांनी विचारलं, फुलाला रात्री उजेड कशाला? शेवंती फुलावर येते ती लांब रात्रीने. रात्र लांबली की शेंड्याला पानं बंद होतात, कळी सुरू होते. थंड मुलखात उन्हाळ्यातले दिवस खूप मोठे असतात, म्हणून तिकडे झाड आधी पोसतं, मग फुलतं. आपल्या विदर्भात आजचा, वर्षातला सर्वांत मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांच्या आत आटोपतो. शेवंतीला थोपवून धरायला तेवढा दिवस पुरत नाही. माहेरी मी हेच पाहिलेलं आहे. एक फांदी गणपतीतच कळ्या धरते, दुसरी डिसेंबरात फुलते, आणि दिवाळीला टोपलीभर फूल एकदम मिळत नाही. मध्यरात्री चार तास उजेड पाडला की झाडाच्या लेखी रात्र दोन छोट्या तुकड्यांत मोडते आणि ते वाढतच राहतं. त्याला रात्र सलग लागते, दिवसाचे तास ते मोजत नाही.

आपल्या सोयाबीनचंही तसंच. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या दोघा शास्त्रज्ञांनी दिवसाच्या लांबीचा आणि फुलाचा संबंध मांडला, तो तंबाखू आणि सोयाबीनवरच काम करून. गावाबाहेरच्या खांबावरच्या दिव्याखाली सोयाबीनची दोन-चार तासं, म्हणजे ओळी, सगळं वावर पिवळं पडलं तरी हिरवीगार उभी असतात, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक आहे.

२८ जून

तुटाळ भरली, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावली. अठरा रोपं.

११ जुलै

पहिली खुडणी. लावून बावीस दिवस झाले. रोपं १५ ते १८ सेंटिमीटर, सात-आठ पानांवर.

सहा वाफ्यांची वाटणी अशी केली. पहिल्या वाफ्याला हात लावायचा नाही. दुसरा आणि तिसरा एकदा खुडायचा. चौथा, पाचवा दोनदा. सहावा दोनदा, शिवाय त्याच्या फांद्या जाळीखाली आडव्या वळवून रिकाम्या चौकोनांत न्यायच्या. प्रत्येक वाफ्यात सुरुवातीपासून दहावं, विसावं, तिसावं असं करत दहा रोपांना लाल सुतळी बांधली. मोजायचं ते याच रोपांवर, म्हणजे नंतर चांगलं झाड पाहून मोजायचा मोह होणार नाही.

खुडायचं ते फक्त कोवळं टोक, वरच्या एक-दोन न उघडलेल्या पानांसकट. नख लावलं की कट्‌ असा आवाज करून तुटलं पाहिजे. दोरा निघाला तर समजायचं आपण निबर भागावर गेलो. निबर ठिकाणी खुडलं की खालचे डोळे उशिरा आणि कमी फुटतात. खाली पाच ते सहा चांगली पानं राहिलीच पाहिजेत, कारण प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा झोपलेला असतो. शेंड्यातून खाली उतरणारं ऑक्झिन नावाचं वाढीचं संप्रेरक त्याला झोपवून ठेवतं. शेंडा गेला की तो जागा होतो.

सासूबाई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी आयुष्यभर तुरीचे शेंडे खुडले, पंचेचाळीस दिवसांनी एकदा आणि पुन्हा वीसेक दिवसांनी. त्या म्हणाल्या, "तुरीचा शेंडा खुडला त तूर पसरते, हे मले माईत हाय. पन हे तं फुलाचं झाड हाय ना वं? शेंड्यालेच फूल येते." मी म्हटलं, आई, एका शेंड्याचे पाच शेंडे करायचे आहेत. त्या काही बोलल्या नाहीत. चपला काढून वाफ्याच्या मधल्या वाटेत शिरल्या आणि चौथ्या वाफ्याच्या दुसऱ्या टोकापासून खुडत आल्या. हात माझ्या दुप्पट चालला. शेवंतीच्या पाल्याचा तो कडवट वास संध्याकाळी साबण लावूनही बोटांतून गेला नाही.

१५ जुलै

दोन दिवस झड. काम बंद.

२३ जुलै

फुटवे दिसले. खुडलेल्या रोपांवर वरच्या तीन-चार पानांच्या बगलेतून हिरवे टोचे निघाले आहेत, तांदळाच्या दाण्यापासून गव्हाच्या लोंबीएवढ्या लांबीचे. खालचे डोळे अजून गप्प. पहिल्या वाफ्यातली न खुडलेली रोपं उंच, सरळ आणि डौलदार दिसतात. आज कुणी पाहुणा आला तर त्याच वाफ्याची तारीफ करेल.

पाचव्या वाफ्याच्या टोकाला नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. लोह कमी पडतंय. काळ्या मातीत चुनखडी असते, त्यात लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. वाफा भरताना तिथे लाल माती संपली होती आणि वावरातलीच माती लोटली होती, ते आता आठवलं. चिलेटेड, म्हणजे झाडाला सहज उचलता येणाऱ्या, लोहाची फवारणी सकाळी घेतली.

जाळी पहिल्यांदा उचलली, जमिनीपासून वीतभर.

२९ जुलै

रात्री वादळात गावाची डीपी जळली. दिवे बंद.

२ ऑगस्ट

आज संध्याकाळी वीज आली. २९, ३०, ३१ आणि १ या चार रात्री शेडनेट पूर्ण अंधारात होतं. जनरेटर भाड्याने आणायचा विचार केला, पण डिझेल आणि रात्रीची राखण परवडणारी नव्हती. सलग चार लांब रात्री वाढलेल्या झाडाला कळी सुरू करायला पुरतात. काय झालं ते दोन-तीन आठवड्यांनी कळेल.

४ ऑगस्ट

दुसरी खुडणी, चौथा, पाचवा आणि सहावा वाफा. पहिल्या खुडणीनंतर फुटलेल्या फांद्या आता वीतभर आहेत. प्रत्येकीवर चार पानं ठेवून टोक घेतलं. सासूबाई आणि मी दोघीच होतो, दुपारपर्यंत झालं.

खुडताना एक गोष्ट बारकाईने पाहिली. वाफ्याच्या मधल्या ओळीत फांद्या लांब पण बारीक, कडेच्या ओळींत आखूड पण जाड. कडेला उजेड आणि वारा दोन्ही मिळतो. म्हणून मधल्या ओळीत सुईसारख्या बारीक फांद्या मुळापासूनच काढून टाकल्या. त्या जाळीपर्यंत आल्या असत्या, पण फूल उचललं नसतं, आणि आत दाटी होऊन पानांवर ठिपके आले असते.

६ ऑगस्ट

शेजारचे काका सकाळीच आले. त्यांचं सोयाबीन आमच्या शेडनेटला लागून आहे, मध्ये फक्त धुरा. त्यांचं सगळं वावर फुलावर आलं आणि आमच्या बाजूची तीन-चार तासं तशीच हिरवी. "सूनबाई, तुमच्या लायटीनं माया सोयाबीनले रात्रच होऊन नाई रायली," असं म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. जे मी घरच्यांना समजावत होते तेच माझ्या बल्बने त्यांच्या पिकावर केलं, आणि माझ्या डोक्यात ते आलं नाही. सोयाबीन नेमकं फुलायच्या दिवसांत होतं. आज दुपारीच त्या बाजूला खताच्या रिकाम्या गोण्या शिवून पाच फूट उंच पडदा लावला. त्या कडेच्या माळेतल्या बल्बांना पत्र्याचे अर्धगोल टोप केले, म्हणजे उजेड खालीच पडेल. काकांना सांगितलं, त्या तासांचं जे नुकसान होईल ते मी भरून देईन. त्यांनी चहा घेतला.

८ ऑगस्ट

सहावा वाफा, फांद्या वळवायचं काम. हे मी सगळ्यांत उत्सुकतेने हाती घेतलं आणि सगळ्यांत जास्त नुकसानही इथेच केलं.

कल्पना सोपी आहे. रोपाच्या डोक्यावरचे चौकोन भरलेले असतात, बाजूचे रिकामे. वर निघालेली फांदी धरायची, जाळीखालून शेजारच्या चौकोनाकडे न्यायची आणि तिथून टोक वर काढायचं. मग सगळी टोकं एका पातळीवर येतात, सगळ्यांना सारखा उजेड मिळतो, आणि आडव्या पडलेल्या फांदीवरचे मागचे डोळेही फुटतात, कारण शेंडा उंचावर राहत नाही.

सकाळी सातला बसले. पहिल्या दहा रोपांत सहा फांद्या बगलेतून फाटल्या. शेवंतीची फांदी पेराशी ठिसूळ असते, आणि सकाळी ती पाण्याने टच्च भरलेली असते. थांबले. दुपारी तीनला पुन्हा बसले, तेव्हा पानं किंचित मरगळली होती. तीच फांदी आता वळली. दोन बोटांनी बगलेशी आधार द्यायचा, दुसऱ्या हाताने टोक न ओढता फांदीच्या मध्यावर दाब द्यायचा आणि हळूहळू खाली आणायचं. एकदम पूर्ण आडवी करायची नाही. आज अर्धी, परवा उरलेली. दुपारी मोजून दोनच तुटल्या.

एका वाफ्याला दोघींचे साडेतीन तास गेले, आणि अजून एक फेरी बाकी.

१८ ऑगस्ट

आजपासून दिवे बंद. माहेरच्या या जातीला लांब रात्री सुरू झाल्यापासून फुलायला दहा आठवडे लागतात असा माझा गेल्या दोन वर्षांचा अंदाज. दहा आठवडे म्हणजे २७ ऑक्टोबर. धनत्रयोदशी २९ ला, लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला. दुसऱ्या खुडणीनंतर नव्या फुटव्यांना पोसायला दोन आठवडे मिळाले.

चार अंधाऱ्या रात्रींचा हिशेबही आजच लागला. पहिल्या, न खुडलेल्या वाफ्यात सुतळी बांधलेल्या दहा रोपांपैकी सात रोपांच्या शेंड्यावर कळी. कळीखालची पानं अरुंद, पट्टीसारखी, कातरा नसलेली. अशा कळ्या नंतर उजेड मिळाला की अडकून राहतात, आणि त्यांच्या खालून पुन्हा पालेदार फांद्या फुटतात. दुसऱ्या-तिसऱ्या वाफ्यात वीसपैकी चार रोपं तशीच. चौथ्या, पाचव्या, सहाव्यात एकही नाही.

विचार केल्यावर उलगडलं. वीज आली २ तारखेला आणि मी खुडलं ४ तारखेला. कळीच्या वाटेला लागलेले शेंडे माझ्याच नखाने काढले गेले, आणि त्यांच्या जागी फुटले ते कोवळे, ज्यांनी अंधार पाहिलाच नव्हता. दुसरी खुडणी मी फुटवे वाढवायला केली होती, तिने पीक वाचवलंही. पुढच्या वर्षी अशी वीज गेली तर खुडणीची तारीख त्यावरून ठरवायची.

३ सप्टेंबर

तान्हा पोळा. पोरांचे लाकडी नंदी सजवून झाल्यावर दुपारी वाफ्यात गेले. गेल्या दोन दिवसांत मुसळधार. शेडनेटची जाळी ऊन अडवते, पाऊस अडवत नाही. वाफे उंच असल्याने पाणी थांबलं नाही, तिसऱ्या वाफ्याच्या उताराच्या टोकाला मात्र चिखल झाला होता, तिथे चर काढला.

जाळी तिसऱ्यांदा उचलली, आता गुडघ्याच्या वर. उचलताना दोघी दोन टोकांना लागतात. एकटीने एका टोकाने उचलली की जाळी तिरकी होते आणि कळीचा शेंडा चौकोनाच्या दोरीला लागून मोडतो. मग खालची सफाई. जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची पानं, आणि जाळीपर्यंत पोचणारच नाहीत असे आतले फुटवे काढले. पानांवर काळसर गोल ठिपके होते ते खालच्याच पानांवर, मातीचे शिंतोडे उडतात तिथे. काढलेला पाला बाहेर नेऊन पुरला.

सहाव्या वाफ्यात सफाईला सगळ्यांत जास्त वेळ गेला. आडव्या फांद्यांखाली इतकी सावली झाली की आतली पानं पिवळी पडून चिकटली आहेत. हे आधी लक्षात यायला हवं होतं. वळवल्यावर आठ दिवसांतच खालून मोकळं करायचं असतं.

१६ सप्टेंबर

कळ्या आल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. चौथा आणि पाचवा वाफा पाहून मन भरून आलं. जाळीच्या वर हात सपाट धरून चाललं तर तळहाताला सगळीकडे सारख्या उंचीचे शेंडे लागतात.

प्रत्येक फांदीच्या अगदी टोकाची, मधली कळी काढली. ती आधी फुलते आणि आधीच सुकते. ती काढली की बाजूच्या कळ्या बरोबरीने उमलतात. एकच मोठं फूल हवं असेल तर उलट करायचं, मधली ठेवून बाजूच्या काढायच्या. आमचं फूल सुटं, हाराला जाणारं, म्हणून मधली काढली. हे काम पुरं होईना. सोयाबीनच्या सोंगणीला सगळ्या बाया लागल्या की मजूर मिळणार नाही, म्हणून आत्ताच संपवायला हवं. पाचव्या वाफ्याच्या शेवटच्या सहा मीटरवर कळ्या काढल्याच नाहीत. तेही बघू.

२९ सप्टेंबर

कळ्यांच्या देठांवर काळा मावा. निंबोळी अर्क, संध्याकाळी. पिवळे चिकट सापळे वाढवले.

१२ ऑक्टोबर

दसरा. पहिल्या वाफ्यातली फुलं तोडली, आठ किलो. अडकलेल्या कळ्यांच्या खालून आलेल्या फांद्या वेगवेगळ्या वेळी फुलताहेत, कुठे कंबरेएवढ्या तर कुठे गुडघ्याएवढ्या. जुलैमध्ये सगळ्यांत देखणा होता तो हाच वाफा.

काकांच्या सोयाबीनची सोंगणी झाली. आमच्या धुऱ्याची तीन तासं त्यांनी उभीच ठेवली, शेंगा हिरव्या होत्या. पडदा लावल्यानंतर चौथं तास सुधारलं.

२६ ऑक्टोबर

मुख्य तोडणी सुरू. दव उडाल्यावर, नऊच्या सुमारास. ओली फुलं क्रेटमध्ये भरली की पाकळ्या तपकिरी पडतात. फूल पूर्ण उमललेलं, मधली चकती अजून घट्ट, असं पाहून दोन बोटांत देठ पकडून चिमटायचं. दुपारच्या गाडीने जाम चौरस्त्यावरून नागपूरला, सीताबर्डीच्या फूल बाजारात.

२ नोव्हेंबर

तोडणी संपली. लाल सुतळीच्या रोपांची मोजणी आणि वाफ्यांची वजनं वहीत उतरवली.

जाळीच्या वर पोचून फुललेल्या फांद्या, सरासरी रोपामागे: पहिल्या वाफ्यात तीन, दुसऱ्या-तिसऱ्यात पाच, चौथ्या-पाचव्यात नऊ, सहाव्यात अकरा. वजन: पहिला १९ किलो, त्यातले आठ दसऱ्याचे. दुसरा २५, तिसरा २३. चौथा ३४, पाचवा ३३. सहावा ३१.

सहाव्यात फांद्या जास्त आणि वजन कमी, कारण फूल बारीक राहिलं, आणि फाटलेल्या फांद्या व खालची पिवळी पानं यांचाही हात आहे. त्यात दोघींचे एकूण सात तास जास्तीचे गेले. शेवंतीच्या सगळ्या वाफ्याला वळवायचं काम मी पुन्हा करणार नाही. पण त्याच वाफ्याच्या दोन्ही कडा पाहिल्या तर तिथे बाहेरचे चौकोन गच्च भरले होते, आणि चौथ्या-पाचव्यात कडेचे चौकोन ओस होते. कडेच्या ओळीतली एक-एक फांदी बाहेरच्या बाजूला वळवायची, मधल्या ओळीला हात लावायचा नाही. एवढं परवडेल.

पाचव्या वाफ्याच्या ज्या सहा मीटरवर मधली कळी ठेवली होती तिथे मधली फुलं २० तारखेलाच उमलली आणि दिवाळीपर्यंत उतरली. तिथलं फूल दोनदा तोडावं लागलं.

सासूबाईंनी लक्ष्मीपूजनाला चौथ्या वाफ्यातलीच फुलं ठेवली, ज्या टोकापासून त्या खुडत आल्या होत्या तिथली.

१० नोव्हेंबर

रोपं वीतभर उंचीवर छाटली. आता बुडातून धुमारे येतील. चौथ्या वाफ्यातल्या सुतळीच्या रोपांपैकी सात चांगली रोपं मुळासकट काढून विहिरीजवळ लावली, पुढच्या मेच्या काड्या यांच्याच घ्यायच्या. शिवाय अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या 'पीडीकेव्ही रागिणी' वाणाची थोडी रोपं मिळतात का ते विचारायचं, एक वाफा त्याचा.

जाळ्या धुऊन गुंडाळल्या. प्रत्येक गुंडाळीला चिठ्ठी बांधली, वाफा कितवा आणि लांबी किती. धुऱ्याच्या बाजूला लावायला काळं कापड १८ मीटर आणून ठेवलं. काकांच्या तीन तासांच्या बदल्यात आमच्या सोयाबीनचा एक कट्टा त्यांच्या घरी पोचवला.